पीसीटी वाढला म्हणजे सेप्सिसच का?

वावरात पऱ्हाटीचा खुंट पायात घुसतो, माणूस हळद दाबून तसाच कामाला लागतो, चार-पाच दिवसांत पाय सुजतो, मग थंडीताप, बरळणं, लघवी कमी, बीपी डाउन, आणि तालुक्याचे डॉक्टर म्हणतात नागपूरला हलवा. आयसीयूत पहिल्याच दिवशी जो रिपोर्ट हातात पडतो त्यात सीआरपी, पीसीटी, लॅक्टेट असे रक्ततपासणीचे आकडे असतात आन् नातेवाईक व्हॉट्सअपवर फोटो टाकून विचारतात, भाऊ हे किती खराब आहे?

आता सेप्सिस म्हणजे नुसतं इन्फेक्शन नाही. इन्फेक्शनशी लढताना शरीराचाच तोल सुटतो आणि किडनी, फुप्फुस, मेंदू असे अवयव बिघडायला लागतात, ही 2016 ची व्याख्या आहे. ब्लड कल्चरचा, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचा, रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस तरी जातात, आणि आपल्याकडे पेशंट गावातूनच अँटीबायोटिकची इंजेक्शनं घेऊन निघालेला असतो त्यामुळे कल्चरमध्ये बरेचदा काहीच उगवत नाही. म्हणून हे रक्तातले मार्कर, म्हणजे आजाराची खूण देणारे पदार्थ, बघतात.

सीआरपी 1930 पासून माहीत आहे, लिव्हरमध्ये बनतो, पण कुठल्याही सुजेत वाढतो, त्यामुळे एकट्यावर भरवसा नको. पीसीटी, म्हणजे प्रोकॅल्सिटोनिन, जरा कामाचा. एरवी तो थायरॉइडमध्ये बनतो आणि रक्तात जवळपास नसतोच, पण बॅक्टेरियाचं मोठं इन्फेक्शन झालं की शरीरभरच्या पेशी तो बनवायला लागतात, काही तासांत चढतो आणि इन्फेक्शन आटोक्यात आलं की साधारण दिवसाला निम्मा होतो. व्हायरल तापात सहसा फार चढत नाही.

तरी भाजलेल्या, मोठं ऑपरेशन झालेल्या, किडनी फेल असलेल्या पेशंटमध्येही तो वाढतो. गडचिरोलीकडचा जोरदार मलेरिया असेल तरी वाढतो. आणि स्क्रब टायफस, म्हणजे चिगर नावाचा बारीक किडा चावून होणारा ताप, ज्याची 2018 ला नागपूर भागात साथच आली होती, त्यात पीसीटी वाढलेला दिसेल पण जंतू कोणता ते तो सांगणार नाही, आणि नेहमीचं अँटीबायोटिक सेफ्ट्रिअॅक्सोन तिथं भागत नाही, डॉक्सीसायक्लिन लागतं. तिथं काखेत, जांघेत कपडे बाजूला करून चिगर चावल्याची काळी खपली शोधणारा डॉक्टरच कामी येतो, मशीन नाही.

2021 च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइननुसार अँटीबायोटिक सुरू करायचं की नाही हे पीसीटीवरून ठरवायचं नाही. शॉकमधल्या, म्हणजे बीपी धोकादायक पडलेल्या, पेशंटला तर तासाभरात डोस गेला पाहिजे. लॅक्टेट वेगळी गोष्ट सांगतो, पेशींना रक्त-ऑक्सिजन नीट पोचतंय का ते, पण तोही एकट्या सेप्सिसचा नाही.

पीसीटीचा खरा फायदा औषध थांबवताना. पेशंट सुधारतोय आणि आकडा 0.5 च्या खाली आला किंवा सगळ्यात जास्त होता त्याच्या 80 टक्के उतरला, समजा 20 चा 4 झाला, तर डॉक्टर अँटीबायोटिक बंद करायचा विचार करतात. आणि तीन दिवसांनीही 20 चा 18 च असेल तर नुसतं महागडं इंजेक्शन चढवून भागत नाही, पायात खोल कुठं पू साचलाय का ते सोनोग्राफीत बघून तो काढावाच लागतो.