पात्र शिक्षिका, पात्र शिक्षक आणि तो १ चा आकडा

मॉन्ट्रियलला युनेस्कोची आकडेवारी संस्था आहे, ती देशोदेशीच्या सरकारांकडून शाळांची माहिती मागवते आणि त्यातून जे तक्ते बनतात त्यात एक रकाना असतो, माध्यमिक शिक्षकांच्या पात्रतेचा लिंग समानता निर्देशांक. नाव भारदस्त, गणित मात्र सहावीचं. शिक्षिकांपैकी किती टक्के पात्र आणि पुरुष शिक्षकांपैकी किती टक्के पात्र, पहिल्याला दुसऱ्याने भागायचं, झालं. १ आला की बरोबरी, आणि ०.९७ ते १.०३ मध्ये असेल तरी बरोबरीच धरतात.

आता गंमत बघा. हिशोबापुरता एक देश धरू, त्यात १०० सर आणि १० मॅडम. मॅडमपैकी ९ पात्र, सरांपैकी ८०. ९० भागिले ८० म्हणजे साधारण १.१३, कागदावर बायका चक्क पुढे! आणि शाळेत जाऊन बघाल तर मॅडम शोधाव्या लागतील. उद्या दोन अपात्र मॅडम भरती झाल्या तर १२ पैकी ९, म्हणजे ७५ टक्के, निर्देशांक थेट ०.९४ वर आणि मग कोणीतरी म्हणणार की देश मागे गेला, अरे पण बायका वाढल्या ना! हे अगदीच काल्पनिक नाही बरं का, कारण जगभरात माध्यमिकला निम्म्याहून जास्त शिक्षिका असल्या तरी सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत त्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच आहेत.

अजून एक लोचा. पुरुषांची टक्केवारी दुप्पट असेल तर उत्तर ०.५, बायकांची दुप्पट असेल तर २. दरी तेवढीच, पण १ पासूनचं अंतर एकीकडे अर्धं आणि दुसरीकडे पूर्ण एक. म्हणून सुधारित निर्देशांकात १ च्या वरचा आकडा उलटा करून (म्हणजे १ ला त्याने भागून) २ मधून वजा करतात, मग २ चा होतो १.५ आणि दोन्ही बाजू सारख्या दिसतात.

पण सगळ्यात मोठी गोम म्हणजे पात्र कोणाला म्हणायचं हे ज्याचा तो देश ठरवतो. फिनलंडमध्ये विषय शिक्षकाला मास्टर्स लागतं. आपल्याकडे नववी-दहावीसाठी पदवी आणि बीएड, तेही २०१५ पासून दोन वर्षांचं. म्हणजे गणितात एमएस्सी केलेली पण बीएड नसलेली मुलगी विषयात पक्की असूनही प्रशिक्षित शिक्षकांच्या, म्हणजे बीएडसारखं शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलेल्यांच्या, वेगळ्या रकान्यात बसत नाही. दोन्ही देशांचा निर्देशांक १ आला तरी तो १ सारखा नाही, तो फक्त त्या देशातल्या बाई आणि पुरुषामधला फरक सांगतो, शिक्षक किती शिकलेत हे नाही. ४० टक्के बायका पात्र आणि ४० टक्के पुरुष पात्र, तरी उत्तर १ च!

मला विचाराल तर देशांच्या रांगा लावण्यापेक्षा आपलं यू-डायस, म्हणजे देशातल्या शाळांची माहिती गोळा करणारी सरकारी नोंद, जास्त कामाचं आहे. ते भरताना शाळेतली सगळी मास्तरमंडळी वैतागतात, पण त्यात प्रत्येक शिक्षकाचं शिक्षण वेगळं आणि बीएड-डीएड वेगळं नोंदवतात, शिवाय शाळा शहरातली की गावातली हेही असतं. म्हणजे जिल्ह्यातल्या पात्र मॅडम सगळ्या तालुक्याच्या गावीच गोळा झाल्यात का, हे त्यात शोधता येतं, देशाच्या एका आकड्यात ते कधीच दिसणार नाही.