माकडहाडदुखी

माकडहाडदुखी : पाठीच्या कण्याच्या शेवटच्या टोकाशी, कुल्ल्यांच्या बेचक्यात होणारे आणि बसल्यावर वाढणारे दुखणे. वैद्यकातील संज्ञा कॉक्सिडायनिया. माकडहाड (अनुत्रिक, गुदास्थी) त्रिकास्थीच्या (कण्याच्या तळाच्या त्रिकोणी हाडाच्या) खालच्या तीन ते पाच, बहुधा चार, लहान मणक्यांचे बनलेले असते. गर्भाला आरंभी शेपूट असते व आठव्या आठवड्याच्या सुमारास ते नाहीसे होते. त्याची खूण म्हणजे हे हाड. मराठी नाव त्या दृष्टीने अगदी नेमके आहे.

युरोपीय नावाची कथा वेगळी. ‘कोक्किक्स’ हा कुक्कू पक्ष्याचा ग्रीक शब्द. तो या हाडाला इ.स.पू. सुमारे 300 मधील ग्रीक वैद्य हीरोफिलसने लावला असे मानतात. हाडाचा आकार पक्ष्याच्या चोचीसारखा बाकदार, हे त्याचे रूढ स्पष्टीकरण. सतराव्या शतकातील फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ झां रिओलां याने मात्र कुक्कूच्या सादेचा अपानवायूच्या आवाजाशी संबंध जोडला. हाड हातात घेऊन बाजूने पाहिले की चोचीचा पक्ष अधिक पटतो. सुश्रुतसंहितेत श्रोणीची (कमरेखालच्या हाडांच्या कड्याची) पाच हाडे सांगताना गुदाचे हाड स्वतंत्र मोजले आहे. ते बहुधा हेच असावे.

दुखण्याचे वर्णन संज्ञेहून जुने असले, तरी ती रूढ झाली ती एडिंबरोचे प्रसूतितज्ज्ञ जेम्स यंग सिम्प्सन यांच्यामुळे, 1859 च्या सुमारास. त्याआधी 1844 मध्ये अमेरिकेतील जे. सी. नॉट यांनी हे हाड काढल्याची हकिगत प्रसिद्ध केली होती. पुढे कंबरदुखीवरही हीच शस्त्रक्रिया सरसकट होऊ लागली. अपेक्षित गुण येईना, तशी ती बदनाम झाली आणि काही काळ हे दुखणे मनाचेच ठरवले गेले. 1937 मध्ये जॉर्ज थील यांनी गुदाभोवतालच्या स्नायूंच्या आकडीकडे बोट दाखवले व मालिश सुचवले. पॅरिसचे झां-इव्ह मेन्य यांनी उभ्याने व बसून काढलेले एक्स-रे ताडून पाहिले. बसताना हाड 25 अंशांहून अधिक वाकते किंवा मागे सरकते, असे त्यांना बऱ्याच रुग्णांत आढळले. आज हीच उपपत्ती अधिक ग्राह्य धरली जाते, मात्र स्नायूंचा वाटा नाकारलेला नाही.

ओल्या मोरीत पाय घसरून बुडावर आपटणे, अवघड बाळंतपण, कठीण आसनावरची दीर्घ बैठक ही नेहमीची कारणे. कित्येकदा कारण सापडतच नाही. स्त्रियांत प्रमाण पुरुषांच्या सुमारे पाचपट सांगतात. रुग्ण एका कुल्ल्यावर भार देऊन बसतो आणि खुर्चीवरून उठताना क्षणभर कळवळतो. या हाडावर नेमके बोट दाबताच दुखणे उमटते, हीच मुख्य तपासणी. गळू, नाडीव्रण (आत खोल गेलेली वाहती जखम), क्वचित अर्बुद (गाठ) यांचीही शक्यता असते. म्हणून रात्री वाढणारे, विश्रांतीनेही न हटणारे दुखणे किंवा ताप असल्यास पुढील तपासण्या करतात.

ताठ बसले की भार बैठकीच्या दोन हाडांवर जातो. मागे रेलले की तो माकडहाडावर येतो. मागच्या बाजूला खाच असलेली उतरती उशी याच तत्त्वावर बनते. बाजारात मिळणाऱ्या वाटोळ्या, मध्ये भोक असलेल्या उशीने अनेकांना आराम पडत नाही, कारण तिची मागची कड हाडाखालीच येते. वेदनाशामके, शेक, बद्धकोष्ठ होऊ न देणे आणि श्रोणितळाच्या स्नायूंचे शिथिलीकरण एवढ्यावर बहुतेकांना काही आठवडे ते महिन्यांत बरे वाटते. न वाटल्यास हाडाजवळ किंवा त्याच्या पुढच्या चेतागुच्छात (मज्जातंतूंच्या पुंजक्यात) बधिर करणारे औषध टोचतात, सोबत कधी स्टेरॉइडही देतात. हाड काढणे हा शेवटचा उपाय. एक्स-रेत हाडाची अस्थिरता दिसली असेल तेथे त्याचा गुण चांगला येतो; पण जखम गुदाला लागूनच असल्याने ती चिघळण्याचा धोका राहतो, आणि पूर्ण आराम पडायला कित्येक महिने जातात.