स्वात खोऱ्यातील मुलींचे शिक्षण

पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वा प्रांतातील स्वात खोऱ्यात मुलींच्या शाळा टिकवण्यासाठी झालेला लढा. मलाला युसुफझाई (जन्म : १२ जुलै १९९७, मिंगोरा) हिच्यामुळे तो जगाला कळला, पण त्याची मुळे तिच्या जन्माआधीची आहेत.

स्वात हा शाळांना पारखा मुलूख कधीच नव्हता. १९६९ पर्यंत हे संस्थान होते. शेवटचे वली (संस्थानिक) मियांगुल जहानजेब यांनी मुलांबरोबर मुलींसाठीही शाळा काढल्या. सैदू शरीफचे जहानजेब महाविद्यालय १९५२ चे. त्यामुळे पुढे इथे शाळा बंद पडल्या त्या मागासलेपणामुळे, ही समजूत चुकीची आहे. लोकांनी कष्टाने जोडलेली गोष्ट त्यांच्याकडून बंदुकीच्या धाकाने हिसकावून घेतली गेली.

२००७ च्या सुमारास स्वातमधील तालिबानचा म्होरक्या मुल्ला फजलुल्लाह याच्या एफएम रेडिओचा खोऱ्यावर पगडा बसला. शाळा सोडलेल्या मुलींचे त्यावरून नाव घेऊन अभिनंदन होई. मग शाळा स्फोटांनी उडवल्या जाऊ लागल्या आणि अखेर फर्मान निघाले : १५ जानेवारी २००९ पासून मुलींचे शिक्षण बंद.

त्याच महिन्यात बीबीसी उर्दूवर ‘गुल मकई’ या नावाने एका शाळकरी मुलीची रोजनिशी येऊ लागली. नाव पश्तू लोककथेतल्या नायिकेचे. लिहिणारी अकरा वर्षांची मलाला. वर्गातल्या २७ पैकी ११ च मुली आल्या, हे तिने पहिल्याच नोंदीत लिहिले. पुढे एका सकाळी ती गणवेश घालायला निघाली आणि तिला आठवले, गणवेशात येऊ नका असे मुख्याध्यापिकांनी सांगितले आहे. तिने आवडता गुलाबी पोशाख घातला. शाळेत प्रार्थनेच्या वेळी सूचना आली : रंगीत कपडेही नकोत, तालिबान हरकत घेतील. दहशत घरात कशी शिरते हे एवढ्या छोट्या प्रसंगातून कळते. पुढे काही काळ फक्त लहान मुलींना शाळेची मुभा मिळाली, तेव्हा मोठ्या मुली वय लपवून, शालीखाली पुस्तके दडवून जात. हे धैर्य एकट्या मलालाचे नव्हते. तिचे वडील झियाउद्दीन मिंगोऱ्यात पश्तू कवी खुशाल खान खटक यांच्या नावाने शाळा चालवत आणि बंदीविरुद्ध उघडपणे बोलत.

मे २००९ मधील लष्करी कारवाईत लाखो लोक विस्थापित झाले. त्यानंतर शाळा पुन्हा उघडल्या. ९ ऑक्टोबर २०१२ रोजी शाळेच्या गाडीत शिरून तालिबानच्या बंदूकधाऱ्याने मलालावर गोळ्या झाडल्या. तिच्याबरोबरच्या दोन मुलीही जखमी झाल्या. पुढील उपचार बर्मिंगहॅमला झाले.

१२ जुलै २०१३ रोजी, सोळाव्या वाढदिवशी, तिने संयुक्त राष्ट्रांत भाषण केले. एक मूल, एक शिक्षक, एक पुस्तक आणि एक लेखणी जग बदलू शकते, हे त्यातले वाक्य सर्वत्र गाजले. पण तालिबानच्या मुला-मुलींनाही शिक्षण मिळाले पाहिजे, ही तिने त्याच भाषणात केलेली मागणी अधिक मोलाची आहे. गोळी झाडणाऱ्याच्या घरातले मूलही शाळेत बसावे, असे तिला मनापासून वाटत होते. अतिरेकाला शिक्षणाने उत्तर द्यायचे म्हणजे काय, हे या मागणीइतके स्वच्छ क्वचितच कोणी मांडले असेल.

२०१४ चे शांततेचे नोबेल तिला भारताच्या कैलाश सत्यार्थी यांच्यासह मिळाले. तेव्हा ती १७ वर्षांची होती. इतक्या लहान वयात नोबेल मिळवणारे दुसरे कोणी नाही. आपल्या कुटुंबाच्या मूळ गावात मुलींसाठी माध्यमिक शाळा नाही, हे तिने त्या सोहळ्यातच सांगितले होते. पुरस्काराच्या रकमेतून स्वातशेजारच्या शांगला जिल्ह्यात ती शाळा उभी राहिली आणि २०१८ मध्ये तिथे मुलींचे वर्ग भरू लागले.