कोल्हापूरहून तान्ह्या बाळाला विमानाने न्यायचंय? आधी जन्मदाखला, मग तिकीट

लेक बाळंतपणाला कोल्हापुरात माहेरी आलेली, जावई हैदराबादला नाहीतर बेंगळुरूला नोकरीत, आणि सव्वा महिना झाला की बाळ-बाळंतीण परत निघायच्या. रात्रभर बसचे हिसके बाळाला नकोत म्हणून बरीच घरं आता उजळाईवाडीच्या विमानतळावरून विमानाचं तिकीट काढतात. तिकीट फोनवर बसल्याजागी निघतं. अडतं ते बाळाच्या वयाच्या कागदापाशी, म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

जन्माची नोंद

जन्म जिथे झाला तिथेच नोंद होते. सासर पुण्याला, आधारवरचा पत्ता पुण्याचा, पण बाळ कोल्हापूर शहरातल्या दवाखान्यात जन्मलं असेल तर नोंद कोल्हापूर महानगरपालिकेकडे. जन्म खेड्यात झाला असेल तर ग्रामपंचायतीकडे. दवाखान्यात जन्म झाला की माहिती कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची असते. तुमचं काम एवढंच, की डिस्चार्जच्या आधी त्या फॉर्मवर आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग आधारप्रमाणे आहे का ते स्वतः वाचून पाहायचं. ही दोन मिनिटं वाचवू नका. दाखल्यात चुकलेलं अक्षर दुरुस्त करायला नंतर खेटे घालावे लागतात.

२१ दिवसांच्या आत नोंद मोफत होते. त्यानंतर विलंब शुल्क लागतं, आणि महिना उलटला की वरच्या अधिकाऱ्याची परवानगीही लागते. बारशाआधी नाव ठरलेलं नसतं म्हणून अनेक जण नोंदच लांबवतात. त्याची काही गरज नाही. नावाशिवाय नोंद होते, दाखलाही मिळतो. नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, त्यामुळे हे काम नुसत्या प्रवासापुरतं नाही.

दाखला हातात यायच्या आत निघावंच लागलं, तर आईचं डिस्चार्ज कार्ड किंवा बाळाचं लसीकरण कार्ड वयाचा पुरावा म्हणून सहसा चालतं. बाळाची जन्मतारीख आणि आईचं नाव त्यावर स्पष्ट हवं. मूळ कागद जवळ ठेवा, फोटोही फोनमध्ये असू द्या. आई-वडिलांचं ओळखपत्र लागतंच. बाळाचं निळं बाल आधार असेल तर उत्तम, पण देशांतर्गत प्रवास त्यासाठी थांबवू नका.

परदेशी जायचं असेल तर मात्र बाळाला स्वतःचा पासपोर्ट हवा आणि त्यासाठी नाव घातलेला जन्मदाखला हवा. कोल्हापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, त्यामुळे पुण्याला जायलाच हवं असं नाही. आई-वडील दोघांच्या सह्यांचं ‘परिशिष्ट ड’ (Annexure D, लहान मुलाच्या पासपोर्टसाठीचं पालकांचं घोषणापत्र) आणि बाळाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो बरोबर न्या.

बाळ किती दिवसांचं हवं

किमान वय प्रत्येक विमान कंपनीचं वेगळं. कुणी तीन दिवसांचं बाळ घेतं, तर कुणी सात दिवसांच्या आतल्या बाळासाठी डॉक्टरांचा लेखी दाखला मागतं. तिकीट काढण्याआधी त्या कंपनीचा नियम वाचा. पण नियमात बसतं म्हणून आठ-दहा दिवसांचं बाळ गर्दीत नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. सव्वा महिना थांबायची आपली रीत इथे नेमकी उपयोगाची ठरते: आणखी चार दिवस थांबलात तर सहाव्या आठवड्याच्या लसीही होतात. लसीच्या दुसऱ्याच दिवशी निघू नका, ताप येऊ शकतो.

विमानातली हवा जास्तीत जास्त ८,००० फूट उंचीवर असावी तितकी विरळ होते, म्हणजे महाबळेश्वरापेक्षाही कितीतरी जास्त उंची. धडधाकट बाळाला त्याचा त्रास होत नाही. अपुऱ्या दिवसांचं बाळ, काचेच्या पेटीत ठेवावं लागलेलं, हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असलेलं, सर्दीने नाक चोंदलेलं, अशांसाठी बालरोगतज्ज्ञांनी हो म्हटल्याशिवाय तिकीटच काढू नका. प्रवास झेपेल का हे पाहताना अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय जन्मतारखेवरून नाही, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून धरतात.

तिकीट आणि विमानतळ

दोन वर्षांखालच्या बाळाला वेगळी सीट नसते, पण त्याचं नाव तिकिटावर घालावंच लागतं आणि वेगळं शुल्क भरावं लागतं. नाव ठरलं नसेल तर काय लिहायचं ते कंपनीला विचारून घ्या. ते आणि कागदावरचं नाव जुळलं पाहिजे. एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच बाळ, म्हणून जुळी असतील तर दोन मोठी माणसं हवीत. बाळ बरोबर असलं की वयाचा कागद पाहायला बऱ्याचदा काउंटरवर बोलावतात, त्यामुळे दोन तास आधी पोहोचा.

छोट्या विमानात बऱ्याचदा पायऱ्या चढून जावं लागतं. सिझेरियनचे टाके असतील तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा आणि सामान दुसऱ्याच्या हातात द्या. बाळाचं दूध आणि औषधं हातातल्या पिशवीत नेता येतात. तपासणीच्या वेळी बाळाला झोळीतून बाहेर काढून कडेवर घ्यावं लागतं.

विमानात

बाळाला तुमच्याच पट्ट्यात गुंडाळू नका. विमान हिसकलं तर तुमचं सगळं वजन बाळावर येतं. बाळासाठीचा छोटा पट्टा तुमच्या पट्ट्याला अडकवायचा असतो, तो हवाई सेविकेकडून मागून घ्या.

कान दुखतात ते मुख्यतः विमान खाली येताना, कारण तेव्हा विमानातल्या हवेचा दाब वाढतो आणि बाळाला आपल्यासारखा आवंढा गिळता येत नाही. दूध ओढताना ते आपोआप गिळतं आणि कान मोकळे होतात. म्हणून निघायच्या आधी पोटभर पाजून सगळं दूध संपवू नका. खाली उतरायला लागल्याची घोषणा झाली की अंगावर घ्या, डोकं थोडं वर ठेवून. झोपेत गिळणं कमी होतं, तेव्हा बाळ झोपलेलं असलं तरी हळूच जागं करून पाजा. पट्टा लावलेलाच ठेवा आणि शाल बरोबर असू द्या. शेजारी कोण बसलंय याचा संकोच करू नका.