‘द हाऊस ऑफ द रायझिंग सन’ : ज्याला मूळ गायकच नाही असे गाणे

‘द हाऊस ऑफ द रायझिंग सन’ हे गाणे ब्रिटनमधील न्यूकॅसल शहराच्या ‘द ॲनिमल्स’ या बँडचे आणि त्यानंतर आलेल्या सगळ्या त्याच्या आवृत्त्या, असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात १९६४ सालचे ते प्रसिद्ध ध्वनिमुद्रणही एका बऱ्याच जुन्या अमेरिकी लोकगीताची पुढची आवृत्तीच होते. न्यू ऑर्लिन्समधील एका घराच्या नादी लागून आयुष्याची धूळधाण झाल्याची ही कैफियत कोणी रचली, हे कोणालाच ठाऊक नाही. ते घर म्हणजे कुंटणखाना, तुरुंग की जुगाराचा अड्डा, याविषयीही एकमत नाही. त्या शहरात ‘रायझिंग सन’ नावाचे एक हॉटेल होते आणि ते १८२२ मध्ये जळाले, परंतु गाण्याशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही.

गाण्याचे शब्द १९२५ साली ‘ॲडव्हेंचर’ मासिकातील जुन्या गाण्यांच्या सदरात छापले गेले. पहिले ज्ञात ध्वनिमुद्रण १९३३ चे असून ते ॲपलाचियन डोंगराळ भागातील क्लॅरेन्स ॲशली आणि ग्वेन फॉस्टर यांचे आहे. हे गाणे आपण आजोबांकडून शिकलो, असे ॲशली सांगत असे. मात्र पुढच्या परंपरेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरला तो १९३७ चा सप्टेंबर महिना. लोकगीतांचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी केंटकीतील मिडल्सबरो या खाणकामगारांच्या गावात जॉर्जिया टर्नर या सोळा वर्षांच्या मुलीच्या आवाजात ते मुद्रित केले. तिच्या गाण्यात बोलणारी व्यक्ती स्त्री आहे, स्वतःचा नाश झाल्याचे ती स्वतःच सांगते आणि धाकट्या बहिणीला या वाटेला न जाण्याची विनवणी करते. लोमॅक्स यांनी १९४१ च्या संग्रहात टर्नरच्या नावानिशी ते छापले आणि तेथून ते वुडी गथ्री, जॉश व्हाइट अशा शहरी गायकांपर्यंत पोहोचले.

१९६० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमधील गायक डेव्ह व्हॅन रॉन्क याने खर्जाकडे उतरत जाणारी स्वरांची ओळ योजून गाण्याला नवा बाज दिला. बॉब डिलनने ती मांडणी उचलून, व्हॅन रॉन्कची परवानगी मिळण्याआधीच, आपल्या १९६२ च्या पहिल्या अल्बमसाठी मुद्रित केली. परिणाम असा झाला की व्हॅन रॉन्कने हे गाणे डिलनकडून घेतले असे लोक म्हणू लागले आणि त्याने ते गाणेच सोडून दिले. पुढे ‘ॲनिमल्स’च्या यशानंतर हाच आरोप डिलनवर झाला आणि त्यानेही काही काळ ते गाणे बंद केले, असे व्हॅन रॉन्कने नोंदवून ठेवले आहे.

मे १९६४ मध्ये अमेरिकी रॉक गायक चक बेरीसोबत दौऱ्यावर असलेल्या ‘ॲनिमल्स’ना इतर रॉक बँडपेक्षा वेगळे काही सादर करायचे होते. लंडनमधील स्टुडिओत निर्माते मिकी मोस्ट यांनी ते एकाच टेकमध्ये मुद्रित केले. हिल्टन व्हॅलेंटाइनची एकेक तार सुटी छेडत नेलेली गिटार, ॲलन प्राइसचा चढत जाणारा ऑर्गन आणि एरिक बर्डनचा खरखरीत, आक्रोशणारा आवाज यांमुळे डोलत्या सहा मात्रांच्या ठेक्यातले लोकगीत रॉक झाले. साधारण तीन मिनिटांच्या गाण्यांच्या त्या काळात सुमारे साडेचार मिनिटांचे हे गाणे ब्रिटनमध्ये आणि त्याचे छाटून लहान केलेले रूप अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. मात्र रेडिओवर ते वाजावे म्हणून त्यातील मुलीच्या जागी मुलगा आला, तिचा जुगारी प्रियकर मुलाचा जुगारी बाप झाला. माझ्या मते या गाण्याच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा बदल आहे, कारण तेव्हापासून बहुसंख्य श्रोत्यांनी पुरुषाचीच व्यथा ऐकली.

तबकडीवर पारंपरिक गीताचे संयोजक म्हणून एकट्या प्राइसचे नाव छापले गेले. बँडमधल्या पाचही जणांच्या नावांना जागा नव्हती म्हणून असे झाले, असे सांगितले गेले. पण त्या नावापोटी येणारे मानधन प्राइसकडेच गेले आणि त्याची कटुता बाकीच्यांच्या मनात कायम राहिली. इतका पैसा मिळवून देणाऱ्या या गाण्यातून जॉर्जिया टर्नरच्या हाती मात्र अगदी किरकोळ रक्कम आली, ही गोष्ट या श्रेयाच्या वादात सहसा कोणी काढत नाही.

पुढच्या आवृत्त्यांपैकी डेट्रॉइटच्या ‘फ्रिजिड पिंक’ची, करकरीत गिटारने भरलेली आवृत्ती १९७० मध्ये गाजली. स्त्रीचा आवाज मात्र पूर्ण थांबला नव्हता. जोन बाएझने १९६० च्या पहिल्या अल्बममध्ये तो जपला होता आणि डॉली पार्टनने १९८१ च्या आवृत्तीत शब्द बदलून ते घर कुंटणखानाच असल्याचे उघड म्हटले.