निवासी हॉस्पिसची वास्तुरचना

ज्याचा आजार आता बरा होणार नाही अशा रुग्णाच्या वेदना, धाप, जखमा आणि मनाची घालमेल आटोक्यात ठेवून त्याला व त्याच्या माणसांना अखेरपर्यंत सांभाळणाऱ्या केंद्राला हॉस्पिस म्हणतात. या सेवेचा आधुनिक पाया ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करून घातला. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला उभे राहिले. ‘आता घरी न्या, सेवा करा’ असे सांगितल्यावर मराठवाड्यातील बहुतेक कुटुंबे रुग्णाला गावी आणतात. घरी वेदना आवरेनाशा झाल्या, तर ज्या वास्तूत त्याला ठेवायचे ती दवाखान्यासारखी वाटून चालत नाही.

रचनेचा विचार खाटेवर पडलेल्या माणसाच्या नजरेपासून सुरू व्हावा. त्याला दिवसभर छत, समोरची भिंत आणि खिडकीतला तुकडा एवढेच दिसते. म्हणून खिडकीची खालची कड खाटेच्या उंचीला हवी आणि बाहेर कडुनिंब किंवा तुळशीवृंदावन दिसावे. शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणाऱ्या रुग्णांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा तीव्र वेदनाशामके कमी लागल्याचे संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले होते. खोलीचे दार सुमारे ४ फूट रुंद असावे, म्हणजे खाट तशीच अंगणात नेता येते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जाणाऱ्या या प्रदेशात जाड भिंती, माळवदाची घरे आणि मधला चौक यांनी पिढ्यान्‌पिढ्या गारवा दिला आहे. नव्या इमारतीनेही चौक व ओसरी सोडू नये. शहाबादी फरशी गार राहते, पण ओली झाली की निसरडी होते, त्यामुळे न्हाणीघरात खरबरीत फरशी, कमोडशेजारी दांडी आणि बाहेर उघडणारे दार लागते. टंचाईच्या काळात जखमा धुणे व चादरी बदलणे थांबू नये यासाठी पाण्याचा स्वतंत्र साठाही ठेवावा लागतो. मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकासाठी कुलूपबंद कपाट परिचारिकांच्या खोलीत असते.

नातेवाइकांच्या सोयीला सहसा दुय्यम मानले जाते, आणि ती या वास्तूतील सर्वांत मोठी चूक ठरते. मराठवाड्यात रुग्णाबरोबर एकटे कोणी येत नाही. लेक, सून, भाऊ आणि गावाकडून भेटायला आलेली चार माणसे असतात. खाटेशेजारी एकाला सतरंजी टाकून निजता यावे. सामायिक स्वयंपाकघर हवे. रुग्णाच्या घशाखाली दोन चमचे पेजच उतरत असली, तरी ती घरच्या हाताची असली की तो तोंड उघडतो, आणि भाकरी थापताना बायकांना बोलायला व रडायला जागा मिळते. हरिपाठ, नमाज किंवा बुद्धवंदना ज्याला जे हवे ते करता येईल अशी एक खोली कोणत्याही मूर्ती-तसबिरीशिवाय रिकामी ठेवणे योग्य.

मृत्यूनंतर देहाला स्नान घालण्यासाठी पाण्याची सोय असलेली वेगळी खोली लागते. बरेच देह रात्रीच गावी न्यावे लागतात, म्हणून गाडी पुढच्या ओसरीला लागेल असा उतार बांधतात. देह मागच्या दाराने काढू नये.