इंटरप्ट-जुळणी
इंटरप्ट-जुळणी : संगणकाला जोडलेल्या उपकरणाने प्रक्रियकाला हाक मारण्यासाठी (म्हणजे इंटरप्ट देण्यासाठी) कोणती संकेत-रेषा (आयआरक्यू) वापरायची हे ठरवणे आणि तीच रेषा त्या उपकरणाच्या ड्रायव्हरला (ते चालवणाऱ्या प्रोग्रामला) सांगणे. ‘व्यत्यय’ हा प्रतिशब्द काही लेखनात आढळतो. पण पुण्यातील वर्गांत आणि दुकानांत ‘इंटरप्ट’ व ‘आयआरक्यू’ हेच शब्द चालतात, म्हणून येथेही तेच घेतले आहेत. नोंद मुख्यतः आयसा बस (कार्डांच्या खाचांना प्रक्रियकाशी जोडणारा तारांचा संच) असलेल्या पीसींपुरती, म्हणजे १९८१ पासून १९९० च्या दशकाअखेरपर्यंतच्या यंत्रांपुरती आहे.

उगम : पहिला इंटरप्ट कोणत्या यंत्रात आला याबद्दल एकमत नाही. युनिव्हॅक-१ (१९५१) मध्ये गणिताचे उत्तर ठरलेल्या जागेत मावले नाही, तर यंत्र आपोआप दुसऱ्या आज्ञांकडे वळे. याला इंटरप्ट म्हणावे की नाही हा व्याख्येचा प्रश्न आहे. बाहेरच्या उपकरणाचा त्यात संबंध नव्हता. बाह्य उपकरणाच्या इंटरप्टचा मान काही अभ्यासक अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सच्या डायसियाक (१९५४) या यंत्राला देतात, तर काही युनिव्हॅक ११०३ए (सु. १९५६) ला. डायसियाकमध्ये दोन प्रोग्राम काउंटर (पुढची आज्ञा कोठे आहे हे दाखवणारे नोंदक) होते आणि बाहेरून संकेत आला की काम एकावरून दुसऱ्यावर जाई. हे पाहता पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. इंटरप्ट हाताळणाऱ्या प्रोग्रामचा पद्धतशीर विचार मात्र एड्सखर डाइक्स्ट्रा यांच्या १९५९ च्या प्रबंधात मिळतो. तो इलेक्ट्रॉलॉजिका एक्स-१ या डच यंत्रावरच्या कामातून निघाला.

रचना : आयबीएम पीसीत (१९८१) इंटरप्ट गोळा करून प्रक्रियकाला कळवणारी इंटेलची ८२५९ए ही एकच चिप होती व तिच्या ० ते ७ अशा आठ रेषा होत्या. पीसी/एटीत (१९८४) दुसरी ८२५९ए आली, ती पहिलीच्या २ क्रमांकाच्या रेषेवर बसवली गेली आणि वापरायला १५ रेषा उरल्या. खाचेतली २ ची तार तेव्हापासून ९ ला जोडलेली असते. जुने ड्रायव्हर अडू नयेत म्हणून बायॉस (यंत्रातच साठवलेला मूळ प्रोग्राम) ९ चा इंटरप्ट २ च्या व्हेक्टरकडे (तो हाताळणाऱ्या प्रोग्रामचा पत्ता ठेवण्याच्या जागेकडे) वळवते. ‘२/९’ असा जोड क्रमांक छापलेली कार्डे दिसतात ती यामुळे.

व्हेक्टरांच्या क्रमांकांतही एक गोंधळ राहून गेला. पहिले ३२ व्हेक्टर इंटेलने स्वतःसाठी राखून ठेवले होते, तरी आयबीएमने ० ते ७ या रेषा षोडशमान (१६ च्या पायाच्या) ०८ पासून पुढे बसवल्या. ८०२८६ या पीसी/एटीच्या प्रक्रियकात ‘डबल फॉल्ट’ (एक दोष हाताळताना दुसरा उद्भवणे) या दोषाचा क्रमांकही ०८ च, आणि घड्याळाच्या इंटरप्टचाही ०८. म्हणून प्रोटेक्टेड मोडमधल्या (प्रोग्रामांची स्मृती एकमेकांपासून सुरक्षित ठेवणाऱ्या पद्धतीतल्या) प्रणालींना सुरुवातीलाच ८२५९ए ला नवे क्रमांक द्यावे लागतात.

एक रेषा दोघांना का चालत नाही, हा या विषयाचा गाभा आहे. आयसा बसवर ८२५९ए रेषेची पातळी पाहत नाही, तिची खालून वर जाणारी कड पाहते. एका कार्डाने रेषा आधीच वर धरली असेल, तर दुसऱ्याच्या संकेताला नवी कड मिळत नाही आणि तो बुडतो. शिवाय एक कार्ड रेषा वर ओढत असताना दुसरे तिला खाली दाबून धरू शकते. सिरियल पोर्टांनी यातून अर्धी वाट काढली : हे पोर्ट चालवणाऱ्या ८२५० चिपचा ‘आउट-२’ हा बिट चालू केल्याशिवाय तिचा इंटरप्ट रेषेवर येतच नाही. त्यामुळे कॉम-१ आणि कॉम-३ हे सिरियल पोर्ट दोन्ही ४ वर राहू शकतात, पण एका वेळी एकच वापरात हवा. कॉम-१ वर माउस, कॉम-३ वर मोडेम आणि मोडेमने नंबर फिरवताच गोठलेला बाण, हा त्या काळचा नेहमीचा अनुभव.

ड्रायव्हरची बाजू : कार्डावरचा क्रमांक वाचायला ड्रायव्हरकडे खात्रीचा मार्ग नव्हता. जंपर म्हणजे दोन पिनांवर बसणारी, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी प्लॅस्टिकची टोपी. ती ५ वर असेल, तर ड्रायव्हरलाही ५ च सांगावे लागे. लिनक्सने यावर शोधाची युक्ती केली : मोकळ्या रेषांवर लक्ष ठेवायचे, कार्डाला मुद्दाम इंटरप्ट द्यायला लावायचे आणि कोणती रेषा हलली ते पाहायचे. ही युक्ती दर वेळी लागू पडतेच असे नाही.

डॉस या त्या काळच्या कार्यप्रणालीत ड्रायव्हर जुना व्हेक्टर जपून ठेवी, आपला पत्ता तेथे लिही, ८२५९ए च्या मास्कमधला (कोणत्या रेषा बंद हे ठरवणाऱ्या बिटांतला) आपला बिट उघडे आणि काम झाल्यावर षोडशमान २० या पोर्टवर ‘इंटरप्ट संपला’ अशी आज्ञा पाठवी. ८ व त्यापुढील रेषांसाठी दोन्ही चिपांना. ही शेवटची पायरी विसरली की त्या रेषेवरून पुढे काहीच येत नाही.

पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या प्रात्यक्षिकांत टीएसआर (बाहेर पडल्यावरही स्मृतीत राहणारा प्रोग्राम) हा प्रयोग असे : ८०८६ च्या असेंब्ली भाषेत पडद्याच्या कोपऱ्यात चालते घड्याळ दाखवायचे. घड्याळाचा इंटरप्ट सेकंदाला सुमारे १८.२ वेळा येतो. आपले काम उरकून जुन्या व्हेक्टरकडे उडी मारायची राहिली की कोपऱ्यातले घड्याळ चालू दिसे, पण डॉसची वेळ थबके. इंटरप्ट म्हणजे काय हे अनेकांना या चुकीनेच कळले असावे.

पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड, जे पीसीच्या खाचेत बसून पडद्यावर देवनागरी आणे, याच पिढीतले. त्याच संस्थेच्या परम ८००० (१९९१) या महासंगणकाला मात्र ही क्रमांकवारी लागू नाही. त्यातील ट्रान्सप्यूटर (समांतर कामासाठी बनवलेले प्रक्रियक) बाह्य घटना संदेशवाहिनीसारखी हाताळतात.

उत्तरकाळ : क्रमांक आपोआप ठरवणारी प्लग अँड प्ले आयसा (१९९३) आणि आयसाची जागा घेणारी पीसीआय बस यांमुळे जंपर मागे पडले, पीसीआयचा इंटरप्ट पातळीवर चालतो, म्हणून रेषा वाटून घेता येते. जुने प्रोग्राम आज बहुधा डॉसबॉक्समध्ये (जुन्या डॉस पीसीची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालवले जातात. त्यात साउंड कार्डाचा आयआरक्यू मुळात ७ असतो आणि तो बदलायचा तर मांडणीच्या फाइलमधला एक आकडा बदलावा लागतो.